डोळ्यांनीं ऐकणारे कानसेन

तानसेन होणें सर्वांच्या नशिबीं नसतें, पण कानसेन होणें कोणालाही शक्य आहे, असें आपल्याकडे फार दिवसांपासून म्हणत आले आहेत. आणि या म्हणण्यांत थट्टेपेक्षां गौरवाचाच भाग अधिक आहे. गाणाऱ्याच्या गळ्याला लागते तशी ऐकणाऱ्याच्या कानालाही तालीम लागते. ती वर्षानुवर्षें मैफली ऐकून मिळते, आणि ज्याला ती मिळाली त्याच्या शब्दाला बैठकींत वजन येतें. 'त्यांचा कान तयार आहे' या चार शब्दांत आपल्या समाजानें एक पदवीच निर्माण केली आहे. ही पदवी कोणत्याही विश्वविद्यालयाची नसली तरी तिची अब्रू मोठी आहे, व ती राखणें हें स्वतःला रसिक म्हणविणाऱ्या प्रत्येकाचें कर्तव्य आहे. सध्यां या पदवीच्या नांवावर जो व्यवहार चालला आहे, तो पाहून हा लेख लिहिणें आम्हांला भाग पडलें.

व्यवहार असा. ज्यांच्या घरीं चार पैसे शिल्लक पडूं लागले आहेत आणि ज्यांना गाण्याची खरीखुरी आवड आहे, अशीं कुटुंबें हल्लीं घरांत ध्वनियंत्रांचा संच मांडतात. पहिलें यंत्र मुद्रण वाचतें. मग तो सीडी-प्लेअर असो, संगणक असो, कीं इंटरनेटवरून गाणें ओढून घेणारा स्ट्रीमर असो. दुसरें यंत्र, ज्याला बाजारांत 'डॅक' म्हणतात, तें मुद्रणांतील आंकड्यांपासून विजेची लहर तयार करतें. तिसरें ती लहर मोठी करून स्पीकरच्या हवालीं करतें. येथवर वावगें कांहींच नाहीं. परंतु पहिल्या यंत्रांतून दुसऱ्याकडे आंकडे ज्या वाटेनें जातात, जिला डिजिटल आउटपुट म्हणतात, तिच्याविषयीं जें ऐकूं येतें तें अद्भुत आहे. अमक्या प्लेअरचें आउटपुट 'उबदार' आहे, तमक्याचें 'रुक्ष' आहे. अमकी वायर लावतांच तंबोऱ्याची जवारी खुलली. तमक्या यंत्रानें तबल्याच्या बांयाला 'मांसलपणा' आला. आणि हें सांगणारे कोणी भोळेभाबडे लोक नव्हेत. ते डॉक्टर आहेत, वकील आहेत, प्राध्यापक आहेत, आणि सर्वांत नवलाची गोष्ट ही कीं, त्यांत कित्येक इंजिनियरही आहेत.

आमचें म्हणणें प्रथमच स्पष्ट सांगून टाकतों. ज्या दोन यंत्रांच्या आउटपुटमधून तेच आंकडे बाहेर पडतात, त्यांपैकीं एकाचा नाद दुसऱ्याहून गोड आहे असें ज्याला म्हणावयाचें असेल, त्यानें तें यंत्र दृष्टीआड ठेवून सिद्ध केलें पाहिजे. जोंवर त्यानें तसें केलेलें नाहीं, तोंवर त्याचें मत हें कानाचें मत नव्हे. तें डोळ्यांचें मत आहे, आणि पुष्कळदां तर खिशाचें मत आहे.

प्रथम या आउटपुटमधून जातें तरी काय, हें पाहूं. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीची रचना अशी आहे कीं, ध्वनीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजावयाची, आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांच्या एका संख्येनें, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीनें, लिहावयाची. डावी व उजवी अशा दोन बाजू धरल्या म्हणजे दर सेकंदास १४,११,२०० बिट होतात. प्रत्येक बिट म्हणजे एक किंवा शून्य. तिसरा पर्याय नाहीं. डिजिटल आउटपुटमधून बाहेर पडतें तें हेंच. त्या वायरींत गाणें नसतें, स्वर नसतो, जवारी नसते; एक आणि शून्य यांची एक लांबलचक रांग असते. जुन्या ग्रामोफोनाच्या सुईंत आणि या रांगेंत जो मूलभूत भेद आहे तो हाच. सुई झिजली तर आवाज झिजतो, कारण तेथें सुईची थरथर हाच आवाज असतो. पण वाण्याच्या वहींतील शंभर रुपयांचा आंकडा निळ्या शाईनें लिहिला काय आणि सोनेरी शाईनें लिहिला काय, वसूल होणारी रक्कम शंभरच असते. आंकडा वाचतां येतो कीं नाहीं, एवढाच तेथें प्रश्न. सोनेरी शाईनें लिहिल्यामुळें रुपया 'अधिक उबदार' झाला असें म्हणणाऱ्या मुनिमाला आपण कामावर ठेवणार नाहीं.

यावर प्रतिपक्षाचें एक उत्तर आहे, व तें आम्ही टाळूं इच्छीत नाहीं, कारण तें निव्वळ पोकळ नाहीं. ते म्हणतात, 'आंकडे तेच असतील. पण ते वेळेवर पोंचले पाहिजेत. बोल बरोबर आणि लय डळमळीत, अशा तबलजीला तुम्ही चांगला म्हणाल काय?' प्रश्न योग्य आहे. सोनी व फिलिप्स या दोन कंपन्यांनीं मिळून जी आउटपुटची रीत ठरविली, तिच्यांत आंकडे आणि त्यांचा ठेका हीं दोन्हीं एकाच वायरींतून गुंफून पाठविलीं जातात. घेणाऱ्या यंत्रानें त्यांतूनच ठेका ओळखून काढावयाचा असतो. या ठेक्यांत जी सूक्ष्म चलबिचल होते तिला 'जिटर' म्हणतात. जिटर ही कविकल्पना नव्हे. ती मोजतां येते, आणि ती फारच वाढली तर ऐकूंही येते.

परंतु फारच म्हणजे किती? प्रतिपक्षाची गाडी नेमकी येथें अडते. 'जिटर असतो' येथून 'म्हणून मला तो ऐकूं आला' येथें ते एका उडींत येतात, आणि मधली दरी किती रुंद आहे हें कोणी मोजीत नाहीं. ती मोजलेली आहे. जपानांतील संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ध्वनीच्याच व्यवसायांत मुरलेल्या श्रोत्यांना त्यांच्या आवडीचें मुद्रण ऐकवून पाहिलें, तेव्हां अनियमित जिटर कांहीं शें नॅनोसेकंदांपर्यंत वाढविल्याखेरीज तो त्यांना ओळखतां आला नाहीं. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. बऱ्यापैकीं बनविलेल्या आजच्या यंत्रांत हा दोष कांहीं नॅनोसेकंदांच्या, व पुष्कळदां एका नॅनोसेकंदाच्याही आंत असतो. शिवाय आजचे चांगले डॅक आलेल्या ठेक्यावर डोळे मिटून विसंबत नाहींत. आंकडे क्षणभर सांठवून ते आपल्या लयीनें पुढें देतात. यूएसबीच्या ज्या रीतीला 'असिंक्रोनस' म्हणतात तिच्यांत तर घड्याळ घेणाऱ्याचेंच चालतें, आणि देणारा त्याच्या मागणीप्रमाणें आंकडे पुरवितो. तेव्हां एखाद्या घरीं जिटर खरोखरच ऐकूं येत असेल, तर दोष आंकडे घेणाऱ्या डॅकचा आहे. त्यासाठीं नवा प्लेअर किंवा महागडी वायर आणणें म्हणजे पखालीला भोंक पडलें म्हणून विहीर बदलणें होय.

दुसरा एक मुद्दा आम्ही आपण होऊन कबूल करतों. तांब्याच्या वायरीनें दोन यंत्रें जोडलीं कीं, त्यांच्यामध्यें विजेचाही संबंध जडतो, आणि अर्थिंगच्या गडबडीनें कधींकधीं स्पीकरमधून घुंईऽऽ असा आवाज येऊं लागतो. अशा वेळीं प्रकाशाच्या साह्यानें आंकडे नेणारी ऑप्टिकल वायर लावली तर तो नाहींसा होतो. हा फरक खरा आहे. पण तो ओळखण्यास कानसेन लागत नाहीं. शेजारच्या खोलींतील आजीही 'अरे, तें काय घुंई करतें आहे?' असें विचारते. खऱ्या फरकाचें लक्षणच असें कीं, तो सांगण्यास विशेषणें लागत नाहींत.

आतां जेथें आउटपुटमध्यें खरा भेद असतो त्या ठिकाणाकडे वळूं. आंकडे तेच राहिले तर नाद तोच राहतो. पण आंकडे तेच राहतात असें मात्र नेहमीं नसतें. एके काळीं घरोघरीं असलेल्या संगणकांतील कित्येक ध्वनिपत्रिका, म्हणजे साउंडकार्डें, केवळ ४८,००० च्या गतीनेंच काम करीत. सीडीचे ४४,१०० आंकडे त्यांच्या हातीं दिले कीं, त्या ते आपल्या मापाला कापून बेतून पुढें देत, आणि ही शिवणकला सर्वत्र सारखी चांगली नसे. आजही पुष्कळ मोबाइल व संगणक, त्यांची मांडणी बदलली नाहीं तर, हेंच करतात. आवाजाची कळ यंत्राच्या आंतच फिरविली तर प्रत्येक आंकडा गुणला जाऊन बदलतो. 'बास वाढवा', 'सभागृहाचा भास द्या' असल्या सोयी चालू राहिल्या तर आंकड्यांचें रूप ओळखूंही येत नाहीं. ब्लूटूथनें गाणें पाठवितांना तें बहुधा आवळून पाठविलें जातें, व आवळतांना जें गळतें तें परत येत नाहीं. हे सर्व भेद खरे, मोजतां येण्यासारखे, आणि बहुतेक फुकटांत दुरुस्त होणारे आहेत. पण आमचे कानसेन सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरीवर महिन्याचा पगार खर्च करतील, आणि संगणकाच्या मांडणींतील एक खूण मात्र काढणार नाहींत. कारण खूण काढण्यास पैसे पडत नाहींत, आणि ज्याला पैसे पडत नाहींत त्याची बैठकींत प्रौढी मिरवितां येत नाहीं.

आंकडे अबाधित पोंचतात कीं नाहीं हें पाहण्याची एक सोपी युक्ति आहे. डीटीएस पद्धतीनें भरलेली सीडी मिळाल्यास ती प्लेअरमध्यें घालावी व आउटपुट डीटीएस समजणाऱ्या रिसीव्हरला जोडावें. आंकडे जसेच्या तसे पोंचले तर गाणें वाजतें. वाटेंत कोणीं त्यांना हात लावला असेल तर सांकेतिक लिपि बिघडते व गाण्याऐवजीं नुसता खरखराट ऐकूं येतो. येथें उबदार-रुक्ष अशा वादाला जागाच उरत नाहीं. याहून काटेकोर रीत हवी असेल तर दोन्ही यंत्रांचें आउटपुट संगणकांत उतरून घ्यावें आणि एकांतून दुसरें वजा करावें. बाकी शून्य राहिली तर दोन्ही यंत्रांनीं तेच आंकडे दिले. त्या शून्यांत जवारीचा खुलेपणा कोठें दडला आहे, हें दाखविण्याची जबाबदारी मग दावा करणाऱ्यावर येते.

'पण आम्हांला तो फरक प्रत्यक्ष ऐकूं येतो, त्याचें काय?' असें कोणी विचारील. ऐकूं येतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. तो कोठून येतो एवढाच आमचा प्रश्न आहे, आणि याविषयीं आम्ही स्वतःच्या फजितीवरून बोलतों. एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत एकदां दोन प्लेअर मांडले होते; एक जुना, पत्र्याचा, अंगानें हलका; दुसरा नवा, जड, काळाभोर. दोन्हींचीं आउटपुटें एकाच डॅकला जोडावयाचीं व यमनाची एकच बंदिश ऐकावयाची असें ठरलें. वायर बदलण्याचें काम स्नेह्यांच्या इंजिनियरिंग शिकणाऱ्या मुलीकडे होतें. 'आतां नवा', असें तिनें म्हणतांच आम्ही सरसावून बसलों. आणि आम्हांला दोन स्वरांमधील श्वास ऐकूं आला, तंबोरा दोन हात मागें सरकल्यासारखा वाटला, निषादाला धार आली. आम्ही हें सर्व मोठ्या भारदस्तपणें बोलूनही दाखविलें. ती बिचारी बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, 'काका, रागावूं नका; पण मी वायर हलविलीच नव्हती.' त्या दिवशीं आम्हांला जो श्वास ऐकूं आला तो खोटा नव्हता. तो त्या मुद्रणांत पहिल्यापासून होता. आम्ही मात्र दुसऱ्या वेळीं तो ऐकावयास बसलों होतों. लक्ष जेथें वळतें तेथें सूक्ष्म गोष्टी सांपडतात, आणि सांपडल्याचें श्रेय आपण समोर दिसणाऱ्या नव्या वस्तूस देऊन मोकळे होतों.

ही दुर्बलता आमची एकट्याची असती तर ती येथें सांगण्याचें प्रयोजन नव्हतें. १९१५ पासून सुमारें दहा वर्षें एडिसनच्या कंपनीनें अमेरिकेंत गांवोगांव जाहीर प्रयोग केले. रंगभूमीवर गायिका उभी असे व शेजारीं तिच्याच तबकड्या वाजविणारें यंत्र. मध्येंच दिवे मालवीत. पुन्हां लागत तेव्हां गायिका निघून गेलेली असे आणि यंत्र एकटें गात असे. आणि आपल्याला फरक कळला नाहीं म्हणून लोक टाळ्यांचा कडकडाट करीत. त्या तबकड्या मायक्रोफोनावांचून, केवळ कर्ण्याच्या साह्यानें मुद्रित झालेल्या होत्या. आज त्या ऐकिल्या तर लहान मूलही फरक सांगेल. या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस हिनें पुढें वृद्धपणीं सांगितलें कीं, यंत्राशीं मेळ बसावा म्हणून ती आपला आवाज आवरून गात असे. यांतून घ्यावयाचा बोध असा कीं, ज्याला माल विकावयाचा आहे त्यानें मांडलेला देखावा ही परीक्षा नव्हे, मग तो दिवे मालवून केलेला असला तरी. आणि काय ऐकूं यावें हें ज्याला आधींच सांगितलेलें असतें, त्याला तेंच ऐकूं येतें.

यानंतर ऐंशीं वर्षांनीं याच गोष्टीची शास्त्रीय परीक्षा झाली. १९९४ सालीं फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनीं एका ध्वनियंत्रांच्या कंपनींतील चाळीस माणसांना चार स्पीकर ऐकविले, एकदां पडद्याआडून व एकदां उघड्यावर. स्पीकर तेच, गाणें तेंच, माणसेंही तींच. पण स्पीकर दिसूं लागतांच मोठ्या व भारी दिसणाऱ्यांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त स्पीकरचे घसरले. हीं माणसें याच धंद्यांतलीं होतीं, हें ध्यानांत ठेवावें. तालीम झालेला कान डोळ्यांच्या प्रभावापासून मुक्त असतो असें मानण्यास यानंतर जागा उरत नाहीं.

आणि डोळे झांकल्यावर काय होतें? बोस्टन येथील मेयर व मोरान यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सीडीहून वरच्या दर्जाचें मुद्रण एकदां तसेंच व एकदां सीडीच्या मापांतून गाळून ऐकविलें. ५५४ खेपांपैकीं बरोबर उत्तरें आलीं २७६; म्हणजे नाणें उडवून ठरविलें असतें तरी निकाल जवळजवळ हाच लागता. प्रामाणिकपणासाठीं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ सालीं जोशुआ रीस यांनीं असे अठरा प्रयोग एकत्र करून साडेबारा हजारांहून अधिक खेपांचा हिशेब मांडला. त्यांत बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२.३ निघालें, आणि श्रोत्यांना आधीं तालीम दिली असतां तें वाढलें. तेव्हां भेद मुळींच ऐकूं येत नाहीं असें ठासून म्हणणारेही थोडे घाईच करतात. पण हें लक्षांत घ्यावें कीं, येथें आंकडे खरोखरच निराळे होते, आणि तरीही भेद नाण्याच्या कौलापेक्षां शेंकडा दोन-तीन एवढाच वर आला. मग जेथें आंकडे तेच, तेथें 'दाराबाहेरूनही फरक कळतो' असें म्हणणाऱ्याच्या शब्दाची काय किंमत करावी, हें वाचकांनींच ठरवावें.

आमच्यावर एक आरोप येणार हें आम्ही जाणून आहों. 'तुम्ही रसाला फूटपट्टी लावतां. संगीत हें मोजण्याचें नव्हे, अनुभवण्याचें आहे.' हा आरोप ऐकावयास भारदस्त आहे, पण तो नेमका उलट आहे. आम्ही मोजमापांना कानाच्या वर बसवीत नाहीं. आम्ही कानाला त्याच्या आसनावर एकट्यालाच बसवूं इच्छितों. किंमतीची चिठ्ठी, कंपनीचें नांव, यंत्राचें वजन, विक्रेत्याचें आर्जव, हीं सर्व मंडळी त्या आसनावर दाटीवाटीनें बसलेलीं आहेत. तीं उठावींत, एवढेंच आमचें म्हणणें. अमेरिकेंतील कित्येक वाद्यवृंदांत उमेदवाराची निवड करतांना त्याला पडद्याआड वाजवावयास लावतात. तेथें कोणी असें म्हणत नाहीं कीं, पडद्यानें संगीताचा अपमान झाला. उलट, नांव व रूप वगळून केवळ नादावर निवाडा झाला, यांतच संगीताचा मान आहे. जो नाद खरोखर मधुर आहे तो पडद्याआडूनही मधुरच राहील. जो पडदा लावतांच हरवतो त्याला नाद तरी कशाला म्हणावें?

'असल्या परीक्षेंत मन दडपतें. फरक सावकाश, महिनोन्महिने ऐकून कळतो', असाही एक आक्षेप आहे. ठीक, महिनाभर घ्या. घरांतील दुसऱ्या कोणाकडून रोज सकाळीं एक यंत्र जोडवून घ्या व दोन्हींवर चादर घाला. रात्रीं वहींत टीप करा. महिन्यानें वही आणि त्या व्यक्तीची टीप ताडून पाहा. यांत दडपण कोणतें? सोळा खेपांपैकीं बारा वेळां उत्तर बरोबर आलें तर तें केवळ योगायोगानें येण्याचा संभव शंभरांत चारांहून कमी आहे; तेवढें झालें तरी आम्ही आपली टोपी काढून ठेवूं. मात्र दोन्ही यंत्रांचा आवाज सारखाच मोठा आहे हें मीटरनें आधीं पाहून घ्यावें, कारण किंचित् मोठा आवाज कानाला 'मोठा' न वाटतां 'चांगला' वाटतो, आणि दुकानदारांना हें गुपित फार दिवसांपासून ठाऊक आहे.

हा वाद चार शौकिनांच्या पैशांपुरता असता तर आम्ही गप्प बसलों असतों. ज्याचा पैसा त्यानें उधळावा. पण या नादांत दोन मोठ्या गोष्टींची हानि होत आहे. पहिली, घरच्या ऐकण्याची. संचांत आवाजाचें रूप खरोखर ज्यांच्यामुळें ठरतें ते स्पीकर आणि ती खोली. उघड्या फरशीच्या, रिकाम्या भिंतींच्या खोलींत ज्या स्वराचा चिवडा होतो, तोच स्वर तेथें सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचें कपाट आल्यावर निराळा ऐकूं येतो. स्पीकर कोपऱ्यांतून हातभर पुढें ओढला तर बांया घुमण्याचा थांबतो. या फरकाला पडद्याआडूनही ओळखतां येतें. पण सतरंजीविषयीं कोणी लेख लिहीत नाहीं.

दुसरी हानि याहून गंभीर आहे, आणि ती आपल्या ठेव्याची. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरलें, तेव्हांपासून पुढील अर्धशतकांत आपल्या थोर गायकगायिकांचे आवाज त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत सांठविले गेले. अब्दुल करीम खां असोत, बालगंधर्व असोत, केसरबाई असोत. आज ते आपल्याला बहुधा डिजिटल प्रतींतूनच भेटतात. आतां जुन्या तबकड्या सर्वच मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांनीं मुद्रित झालेल्या नाहींत; विशेषतः आरंभींच्या काळांत गति कमीअधिक असे. ७४ फेऱ्यांनीं मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनीं वाजवून प्रत केली तर स्वर जवळजवळ अर्ध्या सुरानें चढतो. काळी एकचा गायक पांढरी दोनचा होतो, लय शेंकडा पांचांहून अधिक वाढते, आणि गळ्याचा मूळचा भार हरपून आवाज चिरका होतो. कोणी अतिउत्साही गृहस्थ खरखर घालविण्याच्या नादांत तंबोऱ्याचा झंकार आणि स्वराची कडही पुसून टाकतात. ही चूक कांहीं नॅनोसेकंदांची नव्हे. ती मध्यम तयारीच्या शिष्यालाही पेटीवर बोट ठेवून दाखवितां येईल अशी आहे. ज्यांचा कान वायरींतला फरक ओळखतो असें सांगतात, त्यांनीं या चढलेल्या पट्टीविरुद्ध किती वेळां आवाज उठविला? त्यांच्याच हजारों रुपयांच्या संचावर चढ्या सुराचें गाणें चालू असतें, आणि ते मान डोलावीत आउटपुटच्या उबेचें वर्णन करीत असतात.

कान तयार असणें म्हणजे नसलेला भेद ऐकणें नव्हे. असलेला भेद न चुकतां ऐकणें, आणि नसेल तेथें 'मला कांहीं कळलें नाहीं' असें निर्भयपणें सांगणें. जुने श्रोते गवयानें षड्ज लावतांच डोळे मिटून घेत असत. गवई कोणत्या घराण्याचा, त्याचा शेला कोणत्या भावाचा, बिदागी किती ठरली, हें सर्व त्यांना ठाऊक असे. तरी ऐकतेवेळीं तें त्यांना नको असे. ही संवय आपल्या अंगांत अद्याप थोडीफार शिल्लक आहे. नवें यंत्र विकत घेण्यापूर्वीं तिचा एकदां उपयोग करून पाहावा, एवढीच आमची रसिक वाचकांस विनंति आहे. त्यांतून पैसे वांचले तर त्यांची एक चांगली सतरंजी घ्यावी, आणि उरलेल्यांत आपल्या आवडत्या गायकाच्या तबकडीची योग्य सुरांत केलेली प्रत शोधून काढावी.